मिरच्यांचा ठसका

माझ्या मुलीला दमा आहे. आहे तर आहे, आम्ही कुणाच्या बापाचं काही खाल्लेलं नाही. पण सासूबाईंचा हुकूम, पंप चारचौघांत काढायचा नाही, मुलीची जात आहे. मी मुद्दाम तो दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचे.

विक्रोळीची आमची चाळ पाडली आणि आम्ही कांजूरमार्गला बाराव्या मजल्यावर भाड्याने आलो, तेव्हा ती पाचवीत होती. इथे सगळ्यांची दारं बंद. मैत्रिणी पांगल्या. पोरगी खेळेना, बोलेना, डबा तसाच परत आणायची. आणि दम वाढतच चालला. डॉक्टरांनी डोस वाढवला, पंप नीट ओढते का तेही समोर बसवून बघितलं. सगळं बरोबर, पण गुण काही येईना. शेवटी त्यांनी तिलाच विचारलं, कसं वाटतं गं तुला?

ती म्हणाली, "पंप घेतला की येतो थोडा श्वास. पण कशाला घ्यायचा, असं वाटतं."

डॉक्टर म्हणाले, पंप चालूच ठेवा. पण मन असं खचलेलं असलं की काही मुलांना औषध हवं तसं लागू पडत नाही. मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा.

घरी हे सांगितलं मात्र, सासूबाई सुरू झाल्या. एवढ्याशा पोरीला कसलं आलंय डिप्रेशन, नजर लागलीय तिला, आणि तिथे नेलंत तर लोक वेडी म्हणतील. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्यांनी तिची मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि मिरच्या गॅसवर जाळल्या. दमेकरी पोरीसमोर! मी ओल्या केसांनी धावले, तिला ओढत खिडकीशी नेलं, पंप दिला. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. सासूबाई स्वतःही खोकत होत्या. मिरच्या जळून ठसका लागला नाही, तरच दृष्ट खरी, हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"आई, तुम्हालासुद्धा ठसका लागला," मी म्हटलं. "म्हणजे दृष्ट नव्हतीच. आता मधे पडायचं नाही."

त्यांनी खोकतच गॅस बंद केला.

तेव्हापासून आम्ही मनाच्या डॉक्टरकडे उजळ माथ्याने जातो. परवा लिफ्टमध्ये शेजारीण भेटली. कुठे निघालात, तिने विचारलं. क्लासला, सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. पोरीला थोडा दम लागला होता. तिने सगळ्यांसमोर पंप काढला, ओढला, श्वास छातीत धरून ठेवला, सावकाश सोडला.

"क्लासला नाही, आजी. मनाच्या डॉक्टरकडे," ती म्हणाली. "मला श्वास घ्यायचाय."