पेन्सिलीतल्या 'मासळीवाल्या'

विनिफ्रेड थ्रॅपला तुम्ही ओळखत नाही. लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या चर्चच्या गारठलेल्या हॉलमध्ये ती पियानो वाजवायची आणि आम्ही नाचायचो. टाळ्या आम्हाला, पाठदुखी तिला.

बॅले बसवायच्या मिस हेस्टर लव्हेल. बाईमाणसानं बॅले बसवायचा म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, त्या काळात त्यांनी ग्रिम्सबी बंदरातल्या मासे चिरणाऱ्या बायका नाचातून रंगमंचावर आणल्या. 'मासळीवाल्या' हा त्यांचा बॅले बघून लंडन गप्प झालं होतं. पण बाईंनी जन्मात एक पाऊल कागदावर उतरवलं नाही. "पाय विसरत नाहीत," म्हणायच्या.

विनी वाद घालायची नाही. सुरांच्या वहीत ओळींच्या वर पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवायची, कोण कुठून आली, कुणाचा हात कुठं गेला.

वही प्रकाशकाची, भाड्यानं आणलेली. परत करताना तिच्यात पेन्सिलीची रेघ राहता कामा नये, हा नियम. बाकीच्या वह्या विनी रबरानं घासून लख्ख करायची आणि मलाही तिनंच ते शिकवलं. 'मासळीवाल्या'ची ही एकच वही तिनं मुदत वाढवत अकरा वर्षं ठेवून घेतली.

"एकदा सगळं नीट उतरवून काढायचंय, नोरा."

"काढशील गं. आधी चहा घे, बोटं निळी पडलीत तुझी."

युद्धातल्या दुसऱ्या हिवाळ्यात बाईंच्या घरावर बॉम्ब पडला. बाई गेल्या, कंपनी मोडली, विनी न्यूमोनियानं इस्पितळात पडली. त्याच आठवड्यात वही परत मागणारं पत्र आलं. तिच्या डोक्याला कशाला ताप, म्हणून मी शहाणीनं दोन दिवस बसून पान न् पान पुसलं. तिनं केव्हाच उतरवून घेतलं असेल असं मी धरून चालले. इस्पितळ दोन गल्ल्यांवर होतं, विचारायला गेले नाही.

विनी बरी होऊन आली तेव्हा कळलं, उतरवलेली प्रत नव्हतीच. वही परत गेली एवढंच मी सांगितलं; घाईत पुसायची राहिली असेल असं ती समजली. पुढचं सांगायची छाती झाली नाही. सात वर्षं झाली नाही. लाज वाटते मला.

मग एका मोठ्या थिएटरला 'मासळीवाल्या' पुन्हा उभा करायचा होता. आम्ही जुन्या चौघीजणी जमलो. पहिल्या दोन मिनिटांनंतर चौघींचे पाय अडले.

"अगं, रडताय काय?" विनी हसली. "मी प्रकाशकाकडून तीच वही मागवलीय. सगळं आहे तिच्यात."

वही आली. विनीनं पान उलटलं, दुसरं उलटलं. मग खिडकीशी जाऊन कागद उजेडात तिरपा धरला, त्यावरून बोट फिरवलं.

"विनी, मी..."

"किती स्वच्छ पुसलंयस गं," ती म्हणाली. "कुठंसुद्धा रेघेचा वळ नाही."

तिनं वही पियानोवर ठेवली आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत सगळं वाजवलं. आम्ही चौघी भिंतीला टेकून उभ्या होतो.