पायाळू माणसाची उसण

१२ नोव्हेंबर, दारव्हा. हजर: ट्रकचा ड्रायव्हर, दोन हमाल आणि दुकानात मी.

सरकीच्या ढेपेची पोती उतरू लागली आणि त्या तेलकट वासानं मला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नेलं. तेव्हा याच दारात हमाल देविदासभाऊंच्या पाठीवरचं पोतं घसरलं, कंबरेत उसण भरली आणि ते वाकले ते तसेच राहिले. पायांकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते, असं सारे हमाल मानत.

"पायाळू शोधा रे!" कोणीतरी ओरडलं.

"मीच तं पायाळू आहो बाप्पा," देविदासभाऊ वाकूनच म्हणाले. "साऱ्या अड्ड्याले मीच लाथा मारतो. मले कोन मारन?"

ते घामानं निथळत होते, तरी सगळ्यांबरोबर हसले. मग एकानं मला विचारलं, "ताई, तुमी पायाळू आहा काय?"

"ठाऊक नाही. आईला विचारावं लागेल."

तेवढ्यात जीप मिळाली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. देविदासभाऊंनी पुन्हा कधी पोतं उचललं नाही.

आज वाटतं, आधी त्यांना सपाट निजवायला हवं होतं. लाथेनं उसण जात नसते, हेही पटतं. तरी आईला विचारायचं अजून राहिलंच आहे.