पोकरचे वीस रविवार

पिरंगुटला भंगाराचं दुकान मी हातगाडीपासून उभं केलं. कारखान्यांतला पत्रा, विजेच्या जळक्या मोटारी, तांब्याची तार. भाव पाडून घ्यायचं, चढवून विकायचं. सुरुवातीला आतेभाऊ भागीदार होता. एका मोठ्या कारखान्याचा माल उचलायचं काम मी महिनाभर घासाघीस करून मिळवलं आणि त्यानं ते परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं. वर चारचौघांत म्हणाला, "ह्याचं डोकं तापतं. ह्याला धंदा न्हाई झेपायचा." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

म्हणूनच २००८च्या सुमारास इंटरनेटवर पोकर खेळायला लागलो, तेव्हा स्क्रीनवरच्या प्रत्येक परक्या खेळाडूत मला तोच दिसायचा.

खेळ शिकवला वरच्या खोलीतल्या भाडेकरूनं. लातूरकडचा, हिंजवडीत कॉम्प्युटरवर नोकरी करणारा, मला शेठ म्हणणारा. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांसाठी मध्ये उघडतात आणि मध्ये मध्ये बोली लागते. स्पर्धेत सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे बोलीत लावायच्या सोंगट्या. संपल्या की बाहेर. शेकडो जणांतून शेवटचे नऊ एका टेबलावर बसतात. बोली लागते म्हटल्यावर मी हरखलोच. हा तर माझा रोजचा धंदा!

पहिल्या महिन्यात दोनदा त्या नवांत पोचलो. मग जी घसरण लागली, ती थांबेचना. दर रविवारी सकाळी बसायचं आणि पोहे व्हायच्या आत बाहेर पडायचं. एकदा कीबोर्डवर अशी मूठ हाणली की बटणं उडाली.

"अवो, भाताच्या पातेल्यात एबीसीडी पडली!" बायको ओरडली. मग कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "अजून वीस रविवार देते. एकदा तरी त्या नवांत बसून दाखवा, मग खेळा जन्मभर. न्हाईतर ती इंटरनेटची वायर मी उपटणार."

तिचं सासर-माहेर दोन्ही मावळातलं. उपटणार म्हणाली म्हणजे उपटणारच.

चौदा रविवार गेले. चौदाही हरलो. झोपताना आतेभावाचं वाक्य कानात वाजायचं. पंधराव्या रविवारच्या आदल्या रात्री भाडेकरूला बसवून साइटवर साठलेले सगळे डाव उघडले. तो एकेक डाव बघत गेला आणि हसायला लागला.

"शेठ, समोरच्यानं एवढी मोठी बोली लावली. तुमच्याकडं साधी एक जोडी. फोल्ड करून सोडून द्यायचं की! तुम्ही तेवढ्याच चिप्स लावून कॉल का केला?"

"तो घाबरवत होता."

"कशावरून?"

"एवढा मोठा आकडा पहिल्याच दमात खरा कोण सांगतो?"

तो पोट धरून हसला. "अहो, तो काय बोहारीण आहे का? त्यानं आकडा टाकला म्हणजे तेवढ्या चिप्स खरंच पणाला लागल्या. आपल्या स्वस्तातल्या स्पर्धांत लोक मोठी बोली लावतात, तेव्हा बहुतेक वेळा पत्ते खरेच असतात."

आयुष्यभर समोरच्याचा पहिला आकडा मी खोटाच धरत आलो होतो, त्यावरच पोट चाललं होतं. आणि इथं त्याच सवयीनं मला चौदापैकी नऊ वेळा बुडवलं होतं! उरलेल्या पाच वेळा मी बरोबर खेळून हरलो होतो. भंगारात असं होतंच: तुमचा भाव बरोबर असतो, तरी माल दुसरा नेतो. त्याबद्दल कोणी स्वतःला मूर्ख म्हणत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी उड्या मारायच्या बेतात होतो. नशीब दुरुस्त करता येत नाही, पण त्या नऊ चुका माझ्या होत्या. माझ्या होत्या म्हणून दुरुस्त होणार होत्या.

तरी पुढचे पाच रविवारही गेलेच. पण आता संपलं की विचारायचो, भाव चुकला की नुसता माल गेला? पाचांत एकदाच भाव चुकला होता. कीबोर्ड शाबूत राहिला.

विसाव्या रविवारी बायको मागे लसूण सोलत बसली. चारशेतले चौदा उरले. माझ्या हातात राणीची जोडी. तासभर बोली न लावता गप्प बसलेल्या एकानं सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. कानशिलं तापली. हात कॉलच्या बटणावर गेला. तासभर गप्प बसणारा आता एवढा का बोलतोय? मी फोल्ड केलं. दुसऱ्या एकानं कॉल केला, पत्ते उघडले, आणि गप्प माणसाकडे एक्क्याची जोडी! कॉल करणारा बाहेर गेला. मी खुर्चीवरून उठून नाचलो.

"जिंकलात?" बायको म्हणाली.

"न्हाई, सोडून दिलं!"

"मग नाचता कशाला?"

अकरा उरले तेव्हा मला राजाची जोडी आली. सगळं लावलं. समोर एक्का आणि एक किरकोळ पत्ता. दहात सात वेळा मीच जिंकलो असतो. चार पत्ते उघडले, मी पुढे. पाचवा पत्ता निघाला एक्का.

अकरावा. दोन पायऱ्या खाली. भाव बरोबर, माल गेला.

ती उठून वायरकडे निघाली. मी मध्ये आडवा आलो. राणीची जोडी कशी सोडली, राजे कसे बरोबर लावले, सगळं हातवारे करून सांगितलं. तिला निम्मं कळलं नाही, पण ती थांबली.

"अजून दहा रविवार दे."

"पाच."

"आठ."

"पाच म्हणाले ना."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता, नजर हलली नव्हती. हा आकडा खरा होता.

"बरं, पाच," मी म्हणालो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप न्हाई ना आला?"