भाभीसाठी पाहिलेले दोन कॅमेरे

काही मोठं घ्यायचं असलं की आमच्या संग्रामपूरच्या गल्लीतल्या बायका मला सोबत नेतात. मिक्सर, कूलर, शिलाई मशीन, बरंच काही मी निवडून दिलं आहे आणि एकही वस्तू परत करावी लागलेली नाही. शेजारच्या भाभीनं कॅमेरा घ्यायचं ठरवलं, तेव्हा यादी अर्थातच मी केली.

भाभी मोबाइलवर फोटो काढायची आणि फार छान काढायची. तिच्या नात्यातल्या लग्नांत बायकांची बैठक वेगळी असते. तिथं पुरुष फोटोग्राफर जात नाही, त्यामुळे आई-मावश्यांचे, मैत्रिणींचे धड फोटोच निघत नाहीत. ते काम आपण करायचं, असं तिनं ठरवलं. सोनाळ्याचं एक लग्न मिळालंही. ते जमलं तर त्याच नात्यागोत्यातून पुढची कामं येणार होती. बायकांचा विश्वास बसला नाही, तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

शेगावच्या दुकानात आम्ही दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. एक नवाकोरा, हलका. दुसरा वापरलेला, जुना आणि जड, पण लेन्स उत्तम. म्हणून किंमत जवळपास सारखीच. मी दुकानदाराला बाकीचे दिवे घालवून एकच ट्यूबलाइट ठेवायला लावली. बायकांच्या खोलीत उजेड असतोच किती?

"ताई, तुमी त भेंडी घ्याले गेल्या तरी यादी नेता," भाभी हसत म्हणाली.

"म्हणूनच माह्या घरी निबर भेंडी येत नाई. पाह्य, डोळा लाव."

कमी उजेडात दोन्हींचे फोटो सारखेच आले. जुन्याचा आवाज जरा मोठा होता, नव्याची बॅटरी लवकर उतरणारी. तरी माझं मत नव्याकडे झुकलेलं होतं, कारण त्याचा फोटो काढल्याबरोबर मोबाइलवर जातो. एवढी सोय कोण सोडेल?

कॅमेऱ्याला डोळा लावायला भाभीनं नकाब वर केला होता. तेवढ्यात मी नव्या कॅमेऱ्यानं तिचा एक फोटो काढला. दुकानदारानं लगेच त्या कॅमेऱ्याला जोडून ठेवलेला स्वतःचा मोबाइल काउंटरवरून उचलून आमच्याकडे वळवला.

"पाहा ताई! तिकडं दाबलं का इकडं हाजिर!"

परक्या माणसाच्या मोबाइलवर भाभीचा हसरा चेहरा होता. इकडे तिचं हसू थांबलं. नकाब खाली आला.

"पुसून टाका, भाऊ."

माणूस भला होता. त्यानं आमच्यादेखत फोटो पुसला, वर माफीही मागितली. "हे बंद करता येते, ताई. बटन हाय न."

"बंद हाय हे दिसते कुठून?" मी म्हटलं. "सोनाळ्याच्या बायायले भाभी काय दाखवन? बटन?"

मी जुना कॅमेरा उचलला, बाजूचं झाकण उघडलं आणि आतलं कार्ड काढून भाभीच्या तळहातावर ठेवलं.

"यातले फोटो एवढ्यातच. बाहेर जायाले रस्ताच नाई."

भाभीनं मूठ मिटली. "हाच घेऊ."

सोनाळ्याला मी दिवा धरायला गेले. दार आतून लावलं, तरी एकीचीही ओढणी डोक्यावरून ढळेना. नवरीची दादी पलंगावर बसून आमच्याकडे निरखून पाहत होती.

"काऊन बेटी, हे मोबाइलात त नाई ना जात?"

भाभी तिच्याजवळ बसली. झाकण उघडून कार्ड तिच्या हातावर ठेवलं. "दादी, सगळे फोटू याच्यात. काम झालं का हे तुमच्याच हाती. छापाचे कोनते, तुमीच सांगा."

दादीनं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "एवढुशा तुकड्यात अख्खी शादी?"

"हाव."

"मंग घाल परत." तिनं ओढणी मागे सारली आणि केसांवरून हात फिरवला. "पह्यले माहा काढ. अन् त्या ताईले सांग, दिवा डोयात नोको मारू."

खोलीभर हशा झाला आणि एकेक ओढणी सैल होत गेली. मी दिवा खाली घेतला. संध्याकाळी भाभीनं कार्ड दादीच्या हाती दिलं, तेव्हा नवरीची मावशी पुढच्या लग्नाचं बोलायला दारातच उभी होती.