नितीननं इतिहास साफ केला

चार माणसं एका खोलीत बसली की काम कमी आणि किस्से जास्त साचतात. आमच्या सेलूच्या ऑफिसात तर किश्श्यांसाठी वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल!

खत-बियाण्यांच्या दुकानावर आमची खोली. बालाजी सर मालक, नितीन आणि वैशाली कोड लिहिणारे, आणि मी शेतावर जाऊन मोटारीच्या पेट्या बसवणारा, अधूनमधून कोडलाही हात लावणारा. फोनवरून विहिरीची मोटार चालू-बंद करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. बनवतो म्हणजे, जर्मनीतल्या लोकांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, त्याची आमची वेगळी प्रत काढून तिच्यात बदल करतो. याला फोर्क म्हणतात.

*

मूळ प्रोजेक्टमध्ये सुधारणा झाल्या की त्या आपल्या प्रतीत ओढून घ्यायच्या असतात. पहिल्यांदा हे सिंक सरांनी स्वतः केलं. दुसऱ्या दिवशी देवगाव फाट्याचे एक काका फोन घेऊन धापा टाकत जिना चढले. त्यांच्या मोटारीनं जर्मनमध्ये मेसेज पाठवला होता.

"मोटार शुद्धीवर न्हाई," काका म्हणाले. "रातपासून बरळायलीय."

*

प्रत्येक बदलाबरोबर एका ओळीची नोंद लिहायची असते, तिला कमिट म्हणतात. मूळ प्रोजेक्टवाल्यांनी कळवलं, तुमचं काम चांगलंय, आमच्यात घेतो, पण आधी नोंदींचा इतिहास साफ करून पाठवा. असं काय आहे त्यात, म्हणून सर पहिल्यांदाच नोंदी वाचायला बसले.

'जेवून येतो.' 'आता तरी चाल बाबा.' 'हे चूक आहे, पण सर ऐकत नाहीत.'

ही तिसरी नोंद दर पानावर होती, आणि लिहिणारे आम्ही सगळेच होतो. सर त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

*

त्या कचऱ्यात एक काम मात्र सोन्यासारखं होतं. आपल्याकडं तीनपैकी एक फेज कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेली की मोटार जळलीच. फेज गेल्याबरोबर मोटार आपोआप बंद करायची, हा भाग वैशालीनं एकटीनं लिहिला होता. त्याच कामावर तिला पुण्यातल्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं होतं. ते लोक तिच्या नावाच्या नोंदी बघणार होते.

साफसफाई आली नितीनकडं. त्यानं सगळ्या नोंदी दाबून त्यांची एक केली आणि सर्व्हरवर ढकलली. सगळ्यांचं इतक्या वर्षांचं काम, नोंद एकच, आणि तीही नितीनच्या नावाची! वर ग्रुपवर मेसेज टाकला की जुनं फोल्डर पुसा, नवं घ्या. एरवी आम्ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही. नेमकं त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं, आणि जुन्या नोंदी फक्त त्या फोल्डरांतच उरल्या होत्या.

वैशाली स्क्रीन वर-खाली करत राहिली. "माझं नाव कुठाय?"

नितीन म्हणाला, नाव कुणाचं का असेना, काम तर आहे ना. मी तर हादरलोच. इतका राग आला की त्याच्या हातचा चहा मी दोन दिवस घेतला नाही.

*

मग आठवलं, चुडाव्याच्या दत्तरावांच्या शेतावरच्या पेटीतल्या छोट्या कॉम्प्युटरवर चाचणीसाठी आम्ही सगळं प्रोजेक्ट इतिहासासकट टाकलं होतं. आम्ही चौघंही निघालो. पोचलो तेव्हा नुकतीच लाईट आली होती आणि मोटार उसाला पाणी देत होती. लाईट असेपर्यंतच पेटी चालू राहणार, म्हणजे तेवढ्यातच प्रत काढायची. दत्तरावांनी हो म्हटलं, पण मोटारीला हात लावायचा नाही या अटीवर. मग खोरं घेऊन ते उसात शिरले.

प्रत उतरली. लॅपटॉपवर वैशालीचं नाव ओळीखाली ओळ दिसायला लागलं. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात पेटीवरच्या तीन फेजच्या तीन दिव्यांपैकी एक विझला आणि मोटार बंद पडली. दत्तराव खोरं घेऊनच उसातून बाहेर आले.

"हात लावू नका म्हणलं होतं ना? कुणी बंद केली?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी विहिरीत बघितलं. नितीननं मात्र लॅपटॉप उचलला आणि थेट दत्तरावांच्या तोंडापुढं धरला.

"वैशालीनं केली, काका. हे बघा, तिचंच नाव हाय. माझं कुठंच न्हाई."