व्हर्सायच्या वाटेवरच्या बाया

तलासरीजवळच्या आश्रमशाळेत माझं ते पहिलंच वर्ष. नववीला फ्रेंच राज्यक्रांती शिकवत होते. पाव मिळेनासा झाला तेव्हा पॅरिसच्या बाजारातल्या बाया भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि राजाला कुटुंबासकट शहरात घेऊन आल्या, हे मी रंगात येऊन सांगितलं. पुढे राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आलं, असं म्हणून पुस्तक मिटलं.

खिडकीबाहेर शाळेच्या स्वयंपाकीण मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, राजा गेला. मग त्या बायांना भाकर मिळाली का?"

मुलं हसली. बी.ए.ला इतिहासच घेतला होता, पण क्रांतीचे परिणाम म्हणून पाठ केलेल्या मुद्द्यांत भाकर कुठेच नव्हती. "उद्या सांगते," म्हटलं.

संध्याकाळी डहाणूला एसटीतून उतरून थेट वाचनालय गाठलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशींना सांगितलं, "लगेच नाही मिळाली. रांगा तशाच राहिल्या. नुसत्या संशयावरून माणसं मारली. मग एक सेनापती सम्राट झाला, तो हरल्यावर राजे परत आले. पण जमीनदारांचे जुने हक्क गेले ते गेलेच."

मावशींनी मान हलवली. "माझी आजी शेठच्या वाडीवर वेठीला जायची. मजुरी नाही. हाक आली की ताटावरून उठून पळायचं. मग एका वर्षी सगळ्या पाड्यानं ठरवलं, जायचं नाही."

"मग?"

"मग काय, दोन पावसाळे रानातले कडूकंद उकडून खाल्ले. पण आजी ताटावर बसली की जेवून मगच उठायची."

मला गप्प बसवेना. "मावशी, डहाणूजवळ नरपडला आमचीही चिकूची वाडी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता. "मग वडलांना विचारा, वाडीतली विहीर कोणी खणली."

विचारलं. वडील आधी चिडले. "तुला शाळेत शिकवायला ठेवलंय की चौकशी करायला?" हात धुऊन आले, झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "तलासरीकडची माणसं आणायचे. तुझे आजोबा त्यांना काही देत नसत. मी लहानपणी ऐकलंय." आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

सोमवारी मी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. मग मावशींना आत बोलावलं. "मला लिहिता येत नाही," त्या दारातच अडल्या. "बोलायचंच आहे," म्हटलं. त्या फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि आजीबद्दल बोलल्या, जेमतेम दहा मिनिटं. त्या गेल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "बाई, आमच्या पणजीचं पण असंच..." मग दुसरा, तिसरा. एका तासाचा धडा चार दिवस चालला. मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रमाची आठवण करून दिली, तीही मी हसत ऐकून घेतली.

मावशी माझ्यावर रागावू शकल्या असत्या. त्यांनी मला घरी जाऊन विचारायला लावलं आणि माझ्या वर्गात येऊन उभ्या राहिल्या. ते उपकार मी विसरलेले नाही.