पहिल्या नंबराची जागा

पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या शाळेत बसायची जागा कमवावी लागे. उत्तर बरोबर आलं की वरच्या नंबरावर सरकायचं, चुकलं की खाली. मी कायम शेवटचा, दाराशी. फळ्यावर मला नुसतं पांढुरकं दिसे. सगळ्यांना तसंच दिसत असणार, अशी माझी समजूत. आणि मी ढ आहे, अशी मास्तरांची. वडील मुंबईला गिरणीत, घरात शब्द चाले काकांचा. "ह्याच्या डोक्यात काय शिरत नाय. गुरांमागं जाऊंदे," ते म्हणत. शाळेतून माझं नाव काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. मला शाळा हवी होती. मास्तर शनिवारी गोष्ट सांगत, ती ऐकायला डोळे लागत नसत.

एकोणीसशे तीस सालाच्या आसपास महाडहून एक डॉक्टर मुलं तपासायला आले. टोचायला आलेत समजून निम्मी पोरं उमरठच्या वाटेने पसार झाली. मी पळालो नाही. पळून आपटण्यापेक्षा सुई बरी!

डॉक्टरांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला. मोठी ओळ मी वाचली, पुढचं सगळं अंदाजपंचे. त्यांनी माझे डोळे नीट पाहिले आणि मास्तरांना म्हणाले, "हा ढ नाही हो, याला फळाच दिसत नाही. चष्म्याचं पुढे पाहू. उद्यापासून अगदी पुढे बसवा." मला रडूच फुटलं.

अगदी पुढे म्हणजे पहिल्या नंबरावर. तिथला हुशार मुलगा फुरंगटून खाली सरकला.

त्याच आठवड्यात काकांनी आईला माझं नाव काढायला धाडलं. तिने दाराशी पाहिलं, मी नव्हतो. मग आत पाहिलं आणि जागीच थबकली.

"मास्तर, माझा पोर पयला हाय?"

वर्ग खिदळला. मास्तरांनी छडी आपटली. ते खरं काय ते सांगणार, तोच आईने पदर डोळ्यांना लावला.

"बसलाय खरा पहिल्या नंबरावर," मास्तर म्हणाले.

नाव काढायची गोष्ट तिने काढलीच नाही. संध्याकाळी ग्रामदेवीला नारळ फोडून खोबरं साऱ्या वाडीत वाटलं. मास्तरांचा वाटा सकाळी माझ्याच हाती दिला.

मास्तरांनी तो तुकडा सावकाश चावून खाल्ला. मग वाकून हळूच म्हणाले, "तुझ्या आईचं खोबरं खाल्लंय मी. आता मला खोटं पाडू नकोस."

आणि खडू घेऊन, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात, ते फळ्यावर लिहू लागले.